माग्रिटाची रास

सार्लिनाने हात कोपरापर्यंत राशीत घातला, मूठभर पाला बाहेर काढला, नाकाशी धरला आणि डोळे मिटले. डोळे ती पूर्वीही मिटायची. पूर्वी वास नीट यावा म्हणून मिटायची, या हंगामात लोकांच्या नजरा दिसू नयेत म्हणून.

खळ्यावर सात-आठ माणसं दंताळी टेकून उभी होती. सूर्य अजून कड्यामागेच होता. रास माग्रिटाची होती. म्हातारी माग्रिटा आपल्या दोन गाढवांच्या मध्ये उभी राहून सार्लिनाच्या तोंडाकडे बघत होती. नवरा गेल्यापासून ती एकटीच डोंगरात चढायची. यंदा तिने वरच्या घळीत तीन दिवस राहून रानचा चहा कापला होता आणि विळ्याच्या मुठीने तिचा तळवा फाटला होता. तिथे तिने चरबी लावून चिंधी बांधली होती.

"थांबा अजून," सार्लिना म्हणाली.

हाताला ऊब कमी लागली होती म्हणून ती तसं म्हणाली. नाकाला काहीच लागलं नव्हतं. डिसेंबरात ताप आला, घराघरात लोक आडवे झाले, चर्चच्या मागे चार नवी थडगी झाली, आणि सार्लिना उठली ती नाक गमावून. आधी तिला वाटलं, सर्दी आहे, जाईल. मग तिने कांदा फोडून पाहिला, घासलेटच्या डब्यात तोंड घातलं, उग्र वासाच्या बुखू झुडपाची पानं चुरगाळून नाकात कोंबली. पाणी हुंगावं तसं सगळं. कोणाला बोलली नाही, नवऱ्यालाही नाही.

रीटक्लिपचं सगळं गाव या चहाच्या झुडपावर जगायचं. कमरेइतकं उंच, सुईसारख्या पानांचं, वसंतात पिवळ्या बारीक फुलांनी मढणारं. कापतात तेव्हा पाला हिरवा असतो. तो बारीक चिरायचा, रुळाखाली चेचायचा, पाणी मारून रास घालायची. रात्रभर रास आतल्या आत घामेजते, तापते, तांबडी होते. तिला उघडायची वेळ मात्र एकच असते. लवकर उघडली तर चहाला गवताची चव, उशीर झाला तर आंबूस खत. ती वेळ बावीस वर्षं सार्लिनाचं नाक सांगत आलं होतं. तिने 'उघडा' म्हटल्याशिवाय कोणी दंताळं उचलत नसे.

जानेवारीतल्या, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यातल्या, चार राशी तिने हाताच्या उबेवर आणि नवऱ्याच्या, जाफ्ताच्या, घड्याळावर निभावून नेल्या. रात्री एकसारख्या उकाड्याच्या होत्या, चुकायला जागाच नव्हती. पण काल संध्याकाळी समुद्राकडून गार वारा आला आणि रास तापेना. पहाटे तोच वारा फिरला आणि डोंगरावरून भट्टीच्या तोंडासारखी झळ उतरू लागली. अशा रात्री हात काही सांगत नाही.

लोडवेक फारो दोनदा येऊन तिच्याशेजारी उभा राहून गेला. चहाच्या मंडळाचा तो प्रमुख, लहानांचा ओम, म्हणजे काका, टोपी नेहमी हातात, बोलणं मवाळ. माग्रिटाने एकदा नाक आक्रसलं, सार्लिनाकडे पाहिलं आणि पुन्हा गाढवाच्या मानेवरून हात फिरवत राहिली.

ऊन खळ्याच्या भिंतीवर आलं तेव्हा सार्लिनाने पुन्हा हात घातला. पाला चिकट लागला. तिने हात झग्याला पुसला.

"उघडा."

दंताळी राशीत शिरली. पाला पसरत गेला तसा तो तांबडा दिसण्याऐवजी काळपट दिसू लागला, शेणाच्या गोवरीसारखा. पोरी दंताळं ओढताना तोंड वळवू लागल्या. शेवटी लोडवेकने खाली वाकून चिमूटभर पाला उचलला, हुंगला, झटकला आणि म्हणाला, "पाणी जास्त झालंय याला. काल पाणी कोणी घातलं?"

पाणी फिलिडाने घातलं होतं. फिलिडा सार्लिनाची सून, समुद्रकाठच्या कोळ्यांची मुलगी. लग्न होऊन आठ वर्षं झाली तरी गावात तिला मासेवालीच म्हणत. ती नळीजवळ उभी होती. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मग सार्लिनाकडे.

सार्लिना म्हणाली, "जरा जास्तच पडलं असेल."

फिलिडाने तिच्याकडे पाहिलं. हातातली नळी गुंडाळून तिने खुंटीला अडकवली आणि खराटा घेऊन ती काळा पाला लोटू लागली.

माग्रिटा रडली नाही. तिने फक्त एवढंच विचारलं, की गाढवं तरी खातील का हे. लोडवेकने मान हलवली. तेव्हा तिने गाढवांच्या पाठीवर रिकामी पोती पुन्हा नीट बांधली, जणू ती भरलेली आहेत, आणि घराची वाट धरली.

*

दुपारी घरी जाफ्ता ओसरीवर विळ्यांना धार लावत बसला होता. कंबरेचं हाड मोडल्यापासून त्याला डोंगर चढवत नव्हता. धार लावणं, गाडी हाकणं आणि बोलणं एवढं त्याच्याकडे राहिलं होतं. खळ्यावरची बातमी त्याच्यापर्यंत आधीच पोचली होती. तो फिलिडाला म्हणाला की पाण्याचा हात आवरायला शिक, इथं समुद्र नाही. तिला हे हसून सांगावं असं त्याला वाटलं होतं, पण हसू काही जमलं नाही. मग त्याने सांगितलं, लोडवेक येऊन गेला. यापुढे पाणी त्याची भाची घालणार. परवा बाहेरदेशी चहा पाठवणाऱ्यांचा माणूस नमुना न्यायला येतोय, त्याच्या आत अजून एक रास गेली तर मंडळ खळं बंद करेल आणि सगळ्यांचा पाला ओलाच खालच्या कारखान्याला जाईल. यंत्रात. तिथं डोंगराचा चहा आणि शेतातला चहा एकाच पिंपात पडतो.

"उद्या आपला पाला कापून होईल," जाफ्ता म्हणाला. "म्हणजे परवा पहाटेची रास आपलीच."

फिलिडाने वाटाण्याचं सार वाढलं, पाव ठेवला, चहा ओतला आणि शेळीचं दूध पुढे सरकवलं. जाफ्ता दूध घेत नसे. सार्लिनाने दूध घातलं आणि एका दमात अर्धा पेला प्यायली. समोर फिलिडा पावाचा तुकडा हातात धरून तिच्याकडे एकटक बघत होती. सार्लिनाला वाटलं, सकाळचंच मनात असेल. तिने नजर खाली घातली आणि उरलेला चहाही संपवला.

*

त्यांची पाच पट्ट्यांची जमीन गावाच्या वर होती. वाळूच्या उतारावर ओळीने लावलेली झुडपं, आणि वरच्या खडकांच्या बेचक्यांत आपोआप उगवलेली जुनी. दुसऱ्या दिवशी उजाडताच सासू-सून दोघी वर गेल्या. डाव्या हाताने फांद्यांची मूठ धरायची, उजव्या हाताने विळा खालून वर ओढायचा, गुडघ्याच्या उंचीवर कापायचं. त्याखाली कापलं तर झुडूप मरतं. मूठ बगलेत, बगल भरली की पेंढी, पेंढीला दोर. दहा वाजेपर्यंत दगड तापले. वाळू बुटांत शिरून पायांची साल काढू लागली. ताप येऊन गेल्यापासून सार्लिनाला दम पुरत नव्हता. दर दहा झुडपांनंतर ती गुडघ्यांवर हात ठेवून उभी राही, आणि फिलिडा पुढे न जाता तिथेच काहीतरी करत थांबे. पेंढीचा दोर सोडून पुन्हा बांधी, नाहीतर विळ्याची धार अंगठ्याने बघे. ही थांबते आहे हे सार्लिनाला कळत होतं आणि त्याचाच तिला राग येत होता.

दुपारी खडकाच्या सावलीत बसल्या तेव्हा फिलिडा म्हणाली, "मा, कालचं दूध नासलं होतं."

सार्लिना पाव मोडत होती. मोडतच राहिली.

"मी मुद्दाम ठेवलं होतं. तुम्ही पेला रिकामा केलात."

खाली दरीत कोणाचं तरी गाढव ओरडलं. सार्लिनाने पावाचा तुकडा फडक्यात परत गुंडाळला. मग तिने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"मला संशय आला तो चुलीपाशी. त्या दिवशी पाव करपला आणि तुम्ही शेजारी बसून माळ ओवत होतात. काल खळ्यावर खात्री झाली. पाणी मी रोजच्या मापानेच घातलं होतं. तुम्हालाही माहीत होतं."

"माहीत होतं."

"तरी बोललात."

"बोलले."

फिलिडा अजिबात चिडून बोलत नव्हती. चिडली असती तर सार्लिनाला सोपं गेलं असतं. ती म्हणाली की आठ वर्षं मासेवाली म्हणून ऐकून घेतलं. नवरा जोनास वर्षातले दहा महिने द्राक्षांच्या मळ्यावर ट्रक चालवतो, त्याच्या मागे या घरात राहिले, हेही चालवून घेतलं. पण माग्रिटाबाई काल संध्याकाळी दारावरून गेली तेव्हा तिने तोंड फिरवलं. ते मला चालायचं नाही.

"मी तुमचं कोणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "पण उद्या खळ्यावर मी येणारही नाही. तुमची रास, तुम्ही बघा."

सार्लिनाच्या ओठांवर आलं होतं, की मी या गावात कोण आहे तुला ठाऊक आहे का? आमच्या आईने खळ्यावर खराटा मारला, तिच्या आईने गोऱ्यांच्या शेतावर पाठीवरून पेंढ्या वाहिल्या. मी पहिली, जिच्यासाठी माणसं थांबतात. हे नाक गेलं तर मी दम लागलेली एक म्हातारी, नवरा लंगडा. यातलं काही ती बोलली नाही. विळा उचलून ती उन्हात गेली आणि उरलेली ओळ एकदाही न थांबता कापत सुटली. शेवटच्या झुडपापाशी तिचे पाय गेले आणि ती वाळूत बसली. फिलिडाने येऊन तिला पाणी पाजलं, तोंड धुतलं, आणि दोघींच्या पेंढ्या एकटीने गाडीपर्यंत वाहिल्या.

संध्याकाळी पाला चिरला, चेचला. लोडवेकच्या भाचीने पाणी घातलं. रास उभी राहिली, वर गोणपाट पडलं. हवा माग्रिटाच्या राशीच्या रात्रीसारखीच होती, आधी गार, मग मध्येच एखादी झळ. सार्लिनाला रात्रभर झोप लागली नाही. उजाडायच्या आधी ती उठली तेव्हा फिलिडाच्या खोलीचं दार बंद होतं. त्या दारापुढे ती थांबली.

"फिलिडा. ये माझ्याबरोबर. हुंगायला कोणीतरी लागेल."

आत खाट करकरली. सार्लिना म्हणाली, "मी सांगणार आहे सगळ्यांना. पण तू असल्याशिवाय रास जाईल."

*

खळ्यावर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. नमुना नेणारा माणूस दुपारी येणार, म्हणून लोडवेक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. माग्रिटाही होती, रोजावर खराटा मारायला आली होती. सार्लिनाच्या मागून फिलिडा येताना दिसली तशी दोघी-तिघी एकमेकींकडे बघून हसल्या.

सार्लिनाने हात राशीत घातला. ऊब होती, पण कुठली ऊब? तिने मूठ बाहेर काढली आणि ती आपल्या नाकाकडे न नेता फिलिडापुढे धरली.

"काय येतंय, सांग."

लोडवेक पुढे आला. "हे काय चाललंय, सार्लिना?"

सार्लिना त्याच्याकडे वळली नाही. ती माग्रिटाकडे बघून बोलली, कारण इतर कोणाकडे बघून बोलणं तिला जमलं नसतं. तिने सांगितलं की तापात माझं नाक गेलं. या हंगामातली एकही रास मी हुंगलेली नाही. तुझ्या राशीचं पाणी बरोबर होतं. मी उशिरा उघडली आणि सुनेवर ढकललं.

राशीवरच्या ओल्या गोणपाटातून पाणी टपकत होतं. माग्रिटा सावकाश म्हणाली, "मला आला होता वास. आंबलेला. पण तू उभी होतीस, म्हणून मी माझ्या नाकाला खोटं ठरवलं."

सार्लिनाला कोणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

लोडवेकने टोपी या हातातून त्या हातात घेतली. त्याचा मवाळपणा आता पातळ झाला होता. बावीस वर्षांचा विश्वास, असं काहीतरी तो बोलला. मग म्हणाला की रास आत्ताच उघडूया, लवकर उघडलेली परवडली. "आणि ही हुंगणार? मासे फाडणारीच्या नाकावर गावाचा नमुना द्यायचा?"

फिलिडाचा चेहरा तापला. "ओम लोडवेक," ती म्हणाली, "आमच्याकडे होडी काठाला लागायच्या आत मासा खराब आहे की नाही हे सांगावं लागतं. चुकलं तर माणसं मरतात."

तिने सार्लिनाची मूठ दोन्ही हातांत धरली आणि नाक तिच्यात खुपसलं. सगळे बघत होते. "गवत आहे," ती म्हणाली. "ओलं गवत. त्याच्या खाली सफरचंद कापल्यासारखं काहीतरी."

"आंबट?"

"नाही."

"थांबा," सार्लिना म्हणाली.

थांबले. कड्याची कड उजळली. डोंगरावरून झळ आली तशी जाफ्ता काठी टेकत राशीच्या वाऱ्याकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला, जणू त्याच्या अंगाने वारा अडणार होता. सार्लिनाने तळातून मूठ काढली, फिलिडाने हुंगली. सफरचंद वाढलंय, गवत कमी. मधल्या थरातली मूठ. तेच. वरच्या थरातली. अजून गवत. लोडवेक येरझारा घालत होता. आपण जबाबदार नाही हे तो प्रत्येकाला वेगवेगळं सांगत होता. दंताळं धरलेल्या एकाने न राहवून विचारलं की उघडायचं का.

चौथ्यांदा फिलिडा मुठीवर वाकूनच राहिली. सार्लिना तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. नाक नसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या चेहऱ्यावरच वाचावं लागतं. फिलिडाच्या कपाळावरची आठी सुटली, मग पुन्हा पडली.

"सफरचंद गेलं," ती पुटपुटली. "गोड आहे, पण मध नाही म्हणता यायचं. पोळ्याला धुरी दिल्यावर आधी जे येतं ना, मेण तापल्यासारखं, ते."

सार्लिनाला ते माहीत होतं. बावीस वर्षं माहीत होतं, पण त्याला मेण म्हणावं हे तिला कधी सुचलं नव्हतं. मेणानंतर मध, आणि मधानंतर फार थोडा वेळ. मेण ते मध, नेहमी किती वेळ जातो? आज झळ आहे, नेहमीपेक्षा कमीच. ती म्हणाली, "आता तूच हात आत घाल. तिथेच हुंगत राहा. मध आला की मला सांगू नकोस. त्यांना सांग."

फिलिडाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत सरळ भीती होती. चुकलं तर घरचा वर्षाचा पाला, गावाचा नमुना आणि वर मासेवाली. सार्लिना दोन पावलं मागे झाली. त्या दोन पावलांना फार वेळ लागला असं जाफ्ता नंतर सांगत असे.

फिलिडा राशीवर वाकली, खांद्यापर्यंत हात आत घालून, गाल पाल्याला टेकवून. उन्हाची तिरीप खळ्याच्या कोपऱ्याला लागली. लोडवेक काहीतरी बोलायला म्हणून वळला.

"उघडा," फिलिडा म्हणाली.

माणसं सार्लिनाकडे बघू लागली. सवयीने. सार्लिनाने तोंड उघडलं नाही. तो एक क्षण कोणीच हललं नाही आणि फिलिडा ओरडली, "उघडा म्हणते ना, जाईल ती!" तेव्हा पहिलं दंताळं राशीत शिरलं.

वाफेचा लोट उठला. माणसं पाला ओढत गेली, पसरत गेली, आणि ऊन जसजसं त्याच्यावर चढत गेलं तसतसा पाला विटकरी, मग तांबडा, मग भाजलेल्या मातीसारखा लालभडक होत गेला. आता कोणी तोंड वळवत नव्हतं. दंताळं ओढणाऱ्या पोरींपैकी एकीने खोल श्वास घेतला आणि नकळत हसली. लोडवेक चिमूट उचलून हुंगत राहिला. मग त्याने ती चिमूट शर्टाच्या खिशात टाकली आणि फिलिडाजवळ जाऊन खालच्या आवाजात विचारलं की माझी रास गुरुवारी आहे, येशील ना. फिलिडा गोणपाटावर बसली होती. हाताला, गालाला, केसांना पाला चिकटलेला. येईन म्हणाली.

सार्लिना हे सगळं बघत होती. समोरून अख्ख्या खळ्यावर तो वास चालला असणार. तिला फक्त ऊन लागत होतं. ती चालत भिंतीपाशी गेली, जिथे माग्रिटा खराटा घेऊन उभी होती.

"हा चहा तुझा," ती म्हणाली. "तुझा मी घालवला, तू हा घे. नमुनाही तुझ्याच नावाने जाईल."

माग्रिटाने तिच्याकडे, मग पसरलेल्या पाल्याकडे पाहिलं. "जाफ्ताला विचारलंस?"

जाफ्ता चार हातांवर होता आणि त्याने ऐकलं होतं. तो काठीवर भार देऊन उभा राहिला. त्याचा जबडा दोनदा हलला. "मला विचारायला हवं होतंस, सार्ली," तो म्हणाला.

"विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास."

"हो," जाफ्ता म्हणाला. "म्हणालो असतो." मग त्याने काठी भिंतीला टेकवली, एक पडलेलं दंताळं उचललं आणि पाय ओढत पाला सारखा करू लागला. त्या हिवाळ्यात त्याने तिला हे दहा वेळा ऐकवलं. पण त्या सकाळी पुढे काही बोलला नाही.

माग्रिटाने आभार मानले नाहीत. ती खाली वाकली, तांबड्या पाल्यातून फांदीचा एक जाड तुकडा वेचून तिने बाहेर फेकला. मग दुसरा. आपल्या मालातून माणूस फेकतो तसे. सार्लिना तिच्याशेजारी उभी होती, रिकाम्या हातांनी, काय करावं हे न कळल्यासारखी. बावीस वर्षांत खळ्यावर तिने कधी खराटा धरला नव्हता.

"मला कुठली ओळ?" तिने विचारलं.

माग्रिटाने हातातला खराटा तिच्या हातात दिला. "भिंतीकडची," ती म्हणाली. "पातळ पसर. गठ्ठे ठेवू नकोस, नाहीतर मी पुन्हा करायला लावीन."

सार्लिनाने पदराचं टोक खोचावं तसं झग्याचं टोक कंबरेत खोचलं आणि ती वाकली.